न विचारता केलेल्या दुरुस्तीचे बिल : पैसे द्यावेच लागतात का?

एसीच्या सर्व्हिसिंगसाठी आलेला टेक्निशियन तासाभराने बिल पुढे करतो. त्यात गॅस, कपॅसिटर, ‘पीसीबी क्लीनिंग’ अशा कुणी न सांगितलेल्या ओळी असतात. गळणाऱ्या नळाचा वॉशर बदलायला बोलावलेला प्लंबर अख्खा नळच नवा बसवून ठेवतो. बाथरूमच्या दोन फरशा बदलायच्या ठरलेल्या असतात आणि मेस्त्री आठ उचकटतो. विचारणा केली की उत्तर ठरलेले असते, ‘‘काम करून झालंय, आता पैसे तर द्यावेच लागतील.’’

घरात ज्येष्ठ व्यक्ती एकटी असेल आणि समोरचा दारातून हलत नसेल, तर वाद नको म्हणून बहुतेक जण क्यूआर कोड स्कॅन करून मोकळे होतात. पण काम झाले एवढ्याच कारणाने पैसे देणे बंधनकारक ठरते का? कायदा याबाबत काय सांगतो? आणि पैसे देऊन झाले असतील तर ते परत मिळू शकतात का?

थोडक्यात उत्तर

ज्या कामाला होकार दिला नाही, त्या कामाचा करारच झालेला नसतो. त्यामुळे केवळ बिल हातात ठेवले म्हणून ती रक्कम देणे लागत नाही. मात्र ‘एक रुपयाही देणार नाही’ ही भूमिकाही दरवेळी टिकत नाही. जे काम सांगितले होते त्याचे पैसे द्यावेच लागतात. न सांगितलेल्या कामाचा फायदा ग्राहकाने समजून-उमजून ठेवून घेतला, तर त्याचा वाजवी मोबदलाही देणे लागू शकते. म्हणजे हा वाद बिलाच्या एकूण रकमेवर नसतो, तो बिलातल्या एकेका ओळीवर असतो. आणि नकार कधी, कसा कळवला यावर त्याचा निकाल बराचसा अवलंबून असतो.

होकार म्हणजे नेमके काय?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १० नुसार करारासाठी दोन्ही पक्षांची स्वेच्छेने दिलेली संमती लागते. कलम १३ ही संमती म्हणजे काय ते सांगते : दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणे. ग्राहकाच्या डोक्यात ‘सर्व्हिसिंग’ म्हणजे फिल्टर आणि कॉइल धुणे आणि टेक्निशियनच्या डोक्यात ‘जे जे लागेल ते’, असे असेल तर जादा कामाबाबत संमती जुळलेलीच नाही.

पण संमती लेखीच असावी लागते असे नाही. तोंडी होकारही चालतो आणि वागण्यातूनही होकार दिसू शकतो. समोर उभे राहून नवा भाग बसवताना पाहिला, किंमत विचारली, काही बोलले नाही, तर पुढे ‘मी सांगितलेच नव्हते’ हे पटवून देणे अवघड जाते. त्याहून घातक असते ते आपल्याकडचे सवयीचे वाक्य : ‘‘बघा काय ते, करून टाका.’’ एवढ्या चार-पाच शब्दांत कामाची मर्यादा आणि रकमेची मर्यादा दोन्ही सुटतात.

आणखी एक अडचण आहे. घरगुती दुरुस्तीआधी लेखी अंदाजपत्रक देणे सक्तीचे करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे काय ठरले होते, याचा पुरावा ग्राहकाला स्वतःच जपावा लागतो.

‘फुकटात फायदा’ आणि कलम ७०

दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूनेही कायद्यात एक तरतूद आहे. करार कायद्याच्या कलम ७० नुसार, एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर मार्गाने काही काम केले, ते फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी लागते. करार नसला तरी हे लागू होते.

उदाहरणार्थ, घर बंद असताना पाइप फुटला, पाणी खालच्या मजल्यावर जाऊ लागले आणि शेजाऱ्यांनी प्लंबर बोलावून तो दुरुस्त करून घेतला. घरमालकाने होकार दिलेला नसतो, पण नुकसान टळलेले असते. अशा वेळी वाजवी खर्च नाकारणे ना नैतिकदृष्ट्या योग्य, ना कायद्याच्या दृष्टीने सोपे.

मग कुणीही घरात शिरून काहीही बदलावे आणि कलम ७० दाखवावे का? नाही. ‘पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल अँड सन्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला. दिलेली वस्तू नाकारण्याची किंवा परत करण्याची मुभा समोरच्याला असते. ती त्याने स्वेच्छेने स्वीकारली किंवा केलेल्या कामाचा उपभोग घेतला, तरच कलम ७० खालील जबाबदारी येते.

रोजच्या भाषेत याचा अर्थ असा : नवा भाग नको असेल तर ‘काढून न्या आणि जुना बसवून द्या’ हे त्याच दिवशी सांगावे लागते. सहा महिने नवा नळ वापरून मग ‘मी कुठे सांगितला होता?’ म्हणण्यात दम उरत नाही. काढता येणारा नळ आणि न काढता येणारे काम यांतही फरक आहे. भिंतीत गेलेले सिमेंट परत करता येत नाही. तिथे ग्राहकापुढे निवडच ठेवलेली नसते, म्हणून काम सुरू असतानाचा किंवा ते दिसताक्षणीचा नकार महत्त्वाचा.

एक बिल ओळीओळीने वाचू

समजा, स्प्लिट एसीची सर्व्हिसिंग ६०० रुपयांत ठरली. हातात आलेले बिल असे आहे : सर्व्हिसिंग ६००, गॅस चार्जिंग ३,२००, कपॅसिटर ८५०, पीसीबी क्लीनिंग १,०००. बेरीज ५,६५०. त्यावर १८ टक्के जीएसटी १,०१७. एकूण ६,६६७ रुपये.

सर्व्हिसिंग : हे ठरले होते आणि झाले आहे. ६०० रुपये लगेच द्यावेत. जे मान्य आहे ते पैसे अडवून ठेवले तर ग्राहकाचीच बाजू कमकुवत होते.

गॅस : एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. त्यामुळे ‘गॅस भरला’ असे बिल असेल तर तीन प्रश्न विचारावेत. भरण्याआधी दाब किती होता? गळती कुठे सापडली आणि ती बुजवली का? किती ग्रॅम गॅस भरला? कोणता गॅस आणि किती वजनाचा, हे एसीच्या नेमप्लेटवर छापलेले असते. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार, म्हणजे तो खर्च वाया जाणार. या प्रश्नांची उत्तरे नसतील तर ही ओळ लेखी नाकारावी.

कपॅसिटर : जुना भाग परत मागावा. तो मिळाला तर दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून घेता येतो. भाग खरोखर खराब असेल आणि नवा ठेवून घ्यायचा असेल, तर त्याची वाजवी किंमत द्यावी. पाकिटावर एमआरपी असेल तर त्याहून जास्त रक्कम भागासाठी घेता येत नाही. मजुरी वेगळी दाखवता येते, पण ती आधी सांगायला हवी. भाग ठेवायचा नसेल तर तो काढून न्यायला सांगावे.

पीसीबी क्लीनिंग : यात मागे काही उरत नाही, त्यामुळे परत करण्यासारखेही काही नसते. ठरले नव्हते आणि केल्याचा पुरावा नाही, तर रक्कम नाकारण्यास पूर्ण आधार आहे.

जीएसटी : बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का ते पाहावे. जीएसटीच्या अधिकृत पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसते. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने, गोव्यातल्या नोंदणीची ३० ने होते. ज्याची नोंदणीच नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेण्याचा अधिकार नाही. नोंदणी खरी असेल तर मान्य ६०० रुपयांवरचा १०८ रुपये कर देणे योग्य, मात्र ठरवताना ‘टॅक्ससह’ म्हटले नसेल तर.

म्हणजे ६,६६७ रुपयांच्या बिलात वादातीत रक्कम ७०८ रुपयेच निघते. बाकीचे सिद्ध करण्याची जबाबदारी बिल देणाऱ्यावर येते.

टेक्निशियन दारात उभा असताना काय करावे?

आवाज चढवण्याची गरज नसते. मान्य रक्कम यूपीआयने पाठवावी आणि नोटमध्ये ‘फक्त सर्व्हिसिंगचे ६०० + कर’ असे लिहावे. पूर्ण बिलाचा फोटो काढावा. जुन्या आणि नव्या भागाचे फोटो घ्यावेत. बिलावर सही मागितली तर सहीशेजारी ‘जादा कामास संमती दिली नव्हती, रक्कम अमान्य’ असे लिहूनच सही करावी. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या जॉब शीटवर सही करू नये. घाईने यूपीआय पिन टाकू नये. पिन टाकला की पैसे गेले.

मग त्याच दिवशी व्हॉट्सॲप किंवा ई-मेलवर एक साधा मजकूर पाठवावा :

‘‘आज माझ्या घरी एसीच्या सर्व्हिसिंगसाठी ६०० रुपये ठरले होते. ते करासह ७०८ रुपये दिले आहेत. गॅस, कपॅसिटर आणि पीसीबी क्लीनिंगबाबत मला आधी विचारले नव्हते व मी संमती दिली नव्हती. या तीन बाबींची रक्कम मला मान्य नाही. कपॅसिटर सात दिवसांत काढून नेऊन जुना बसवून द्यावा, किंवा त्याच्या खरेदीची पावती दाखवावी. पुढील संपर्क लेखी करावा.’’

या मजकुरात शिवीगाळ नाही, धमकी नाही. काय ठरले, काय दिले, काय नाकारले आणि काय परत द्यायला तयार आहे, एवढेच आहे. पुढे प्रकरण आयोगापर्यंत गेले तर हाच मजकूर सर्वांत उपयोगी कागद ठरतो. मूळ चॅट आणि कॉलची नोंद डिलीट करू नये. स्क्रीनशॉट ही नक्कल असते, मूळ संदेश फोनमध्ये असलेला बरा.

समोरच्याने धमकावले, घरातून जायला नकार दिला किंवा धक्काबुक्की केली, तर तो बिलाचा वाद राहत नाही. ११२ वर फोन करावा. केवळ रकमेचा वाद असेल तर पोलीस तो ‘दिवाणी’ म्हणून परत पाठवतात. तिथे ग्राहक आयोगाचा मार्ग आहे.

पैसे देऊन टाकले असतील तर?

दिले म्हणजे मान्य केले, असे आपोआप होत नाही. करार कायद्याच्या कलम ७२ नुसार, चुकून किंवा दबावाखाली दिलेले पैसे घेणाऱ्याने परत करायला हवेत. कलम १५ मध्ये ‘दबाव’ या संज्ञेत एखाद्याची मालमत्ता बेकायदा अडवून ठेवणे किंवा तशी धमकी देणेही येते. ‘पैसे द्या, नाहीतर एसी उघडाच ठेवून जातो’ किंवा ‘पीसीबी घेऊन जातो’ हे या चौकटीत बसू शकते. मात्र पैसे दिल्यानंतर महिनाभर गप्प बसल्यास दबावाची गोष्ट पटत नाही. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी हरकत कळवावी.

यूपीआयने स्वतः पिन टाकून दिलेले पैसे बँक ‘सेवा आवडली नाही’ म्हणून परत फिरवत नाही. क्रेडिट कार्डने दिले असतील तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते, त्यासाठी ठरलेली मुदत पाळावी लागते. इंटरनेटवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ क्रमांकच बनावट निघाला, तर तो सायबर फसवणुकीचा प्रकार आहे. तेव्हा १९३० वर ताबडतोब कळवावे.

वस्तू अडकवून ठेवली तर?

मिक्सर, टीव्ही किंवा वॉशिंग मशीनचा पीसीबी दुकानात नेला जातो आणि ‘पूर्ण पैसे दिल्याशिवाय मिळणार नाही’ असे सांगितले जाते. दुकानदाराला वस्तू रोखून धरण्याचा हक्क कलम १७० ने दिला आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. वस्तू ज्या उद्देशाने सोपवली, त्या उद्देशाला धरून केलेल्या कामाच्या योग्य मोबदल्यापुरताच तो हक्क आहे. टीव्हीचा स्पीकर दुरुस्त करायला दिला आणि न विचारता पॅनलचे काम केले, तर पॅनलच्या पैशांसाठी टीव्ही अडवणे या कलमात बसत नाही. अशा वेळी मान्य रक्कम देऊ करून वस्तू परत मागणारे लेखी पत्र द्यावे. आणि मुळात वस्तू घराबाहेर जाताना पावती घ्यावी. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर आणि सांगितलेला बिघाड हे तिन्ही असावेत.

घरच्यांनी ‘हो’ म्हटले असेल तर?

टेक्निशियन अनेकदा म्हणतो, ‘‘काकूंना विचारूनच केलं.’’ घरातल्या जाणत्या व्यक्तीने खरोखर होकार दिला असेल, तर तो होकार मानला जाण्याची शक्यता मोठी. पण ‘कॉम्प्रेसर आज-उद्या फुटेल’ असे खोटे सांगून तो मिळवला असेल, तर फसवून घेतलेल्या संमतीवरचा करार कलम १९ नुसार रद्द करता येतो. १८ वर्षांखालील मुलाने दिलेल्या होकाराने करार होत नाही.

घरी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी एक नियम ठरवून ठेवावा : ठरल्यापेक्षा जास्त खर्च असेल तर ‘मुलीला फोन करा, ती हो म्हणाली तरच करा’. दुरुस्तीवाल्यालाही तो क्रमांक आधीच द्यावा. भिडेपोटी ‘नाही’ म्हणता येत नाही, त्यांना एवढा आडोसा पुरतो.

ॲपवरून बोलावले असेल तर?

इथे ग्राहकाची बाजू थोडी भक्कम असते, कारण बुकिंगची नोंद ॲपमध्येच असते. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार अशा कंपनीने तक्रार अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. ग्राहकाची संमती स्पष्ट कृतीतून घ्यावी लागते, आधीच टिक केलेले चौकोन चालत नाहीत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यातल्या १३ प्रकारांत ग्राहकाच्या संमतीविना बिलात जादा वस्तू किंवा सेवा घुसवणे हाही एक प्रकार आहे. मात्र टेक्निशियनला ॲपबाहेर रोख पैसे दिले की हा सगळा आधार निसटतो. ‘ॲपवर नको, मला डायरेक्ट द्या, स्वस्तात करतो’ ही सवलत म्हणूनच महाग पडते.

तक्रार कुठे, किती खर्चाची?

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार समोरच्या कंपनीकडे पाठवते. नाव जपणाऱ्या कंपन्या अनेकदा इथेच तडजोड करतात.

दुसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यातल्या ग्राहकाला मुंबईच्या कंपनीसाठी मुंबई गाठावी लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. ऑनलाइन तक्रारीसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टल आहे. बिल अजून भरलेले नसले तरी ग्राहक म्हणून तक्रार करता येते, कारण पैसे ‘देण्याचे कबूल करून’ सेवा घेणाराही कायद्याने ग्राहकच आहे. पावती किंवा बिल न देणे हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे धरून चालावे. तीन-चार हजारांसाठी किती वेळ द्यायचा, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा. पण नीट लिहिलेली नोटीस पोहोचली की अनेक वाद तिथेच मिटतात.

भार एकट्या ग्राहकावर का?

दुरुस्ती करणाराही दरवेळी लबाड नसतो. भिंत फोडल्यावरच आतला पाइप सडलेला दिसतो, हे खरे. अनेक टेक्निशियनची कमाई विकलेल्या पार्टवरच्या कमिशनवर ठरते, हेही खरे. ज्याला दिवसाकाठी ठरावीक रकमेची ‘जॉब व्हॅल्यू’ दाखवावी लागते, तो वॉशरऐवजी नळ बदलणारच. दारातल्या भांडणात दोन्ही बाजूंना सामान्य माणसे असतात आणि नियम ठरवणारी कंपनी तिथे नसते.

म्हणून उपायही वरून यायला हवा. हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क आपोआप जोडू नये, असे प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती तत्त्वे कायम ठेवली. न विचारता बिलात भर घालायची नाही, हे तत्त्व जेवणाच्या टेबलावर मान्य होते, तर घराच्या उंबऱ्याच्या आत का नाही? घरगुती दुरुस्तीसाठीही असेच नियम हवेत : कामाआधी लेखी अंदाज, ठरलेल्या रकमेपुढे जायचे तर ग्राहकाच्या फोनवर ओटीपी, बदललेला जुना भाग ग्राहकाच्या ताब्यात आणि भाग व मजुरी वेगळी दाखवणारे बिल. यातल्या एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. जेवणाचे पार्सल द्यायला ओटीपी मागणाऱ्या व्यवस्थेला तीन हजारांचा गॅस भरण्याआधी तो मागता येईल.

हे नियम येईपर्यंत दुरुस्तीवाला आत येतानाच एक वाक्य बोलायची सवय लावून घ्यावी : ‘‘ठरलंय तेवढंच करा, जास्त काही निघालं तर आधी रक्कम व्हॉट्सॲपवर पाठवा.’’ प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. उलट, त्याचेही पैसे बुडत नाहीत.